जंतूच देतात विषाची वर्दी!

शाळेत मुलींना शिकवताना मी जंतूंना नेहमी शत्रूच म्हणत आले. घरीही तेच! पाणी उकळलं, गाळलं, माठात भरलं की आपण निर्धास्त. पण मैत्रिणींनो, पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल, विरघळलेलं असेल तर ते उकळून जात नाही बरं का! त्याला ना रंग, ना वास, ना चव. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये हातपंपांच्या अशाच नितळ पाण्यानं कितीतरी घरांत त्वचेचे विकार अन् कॅन्सर शिरला.

हे विष ओळखायला आता जंतूच मदतीला आले आहेत. ई. कोलाय या जिवाणूत आर्सेनिक बाहेर फेकणारी जनुकं असतात. एरवी त्यांच्यावर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं. आर्सेनिक आलं की ते उठतं, अन् जनुकं कामाला लागतात. शास्त्रज्ञांनी तिथंच प्रकाश देणारं जनुक जोडलं. विष आलं की जिवाणू उजळतात, आणि तो उजेड यंत्रानं मोजतात. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. तेवढं अल्प आर्सेनिकही त्यांना कळतं. व्हिएतनाममधल्या भूजलावर केलेली अशी तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. पुढे तांदूळही तपासून झाला.

हे काम प्रयोगशाळेचं, स्वयंपाकघरातलं नव्हे. आपण एवढंच करावं : बोअरचं पाणी पीत असाल, तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. नितळ दिसतं म्हणून भुलू नये!