वीस माणसं नसली तरी पीएफ मिळतो

पनवेलमधला कामगार म्हटलं की तळोजा एमआयडीसी आठवते. पण बाजारपेठेतली दुकानं, खासगी दवाखाने, क्लासेस, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या यांत पाच-दहा माणसांच्या भरवशावर काम चालतं, आणि तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमच्याकडे वीस माणसं नाहीत, त्यामुळे पीएफ लागत नाही.’ मालकही ते म्हणतो, कामगारही मान डोलावतो.

यातला ‘लागत नाही’ हा भाग बरोबर आहे. १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी कायदा सक्तीने लागू होतो तो वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना. या वीस जणांत कंत्राटदारामार्फत आलेली माणसंही मोजायची असतात, हे मात्र सोयीने विसरलं जातं. पण ‘लागत नाही’ म्हणजे ‘घेता येत नाही’ असं नव्हे. याच कायद्याच्या कलम १(४) नुसार मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांची संमती असेल तर आठ माणसांचं दुकानही आपणहून या योजनेत येऊ शकतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हा मार्ग खुला ठेवला आहे.

एकट्या कामगाराला मात्र हा रस्ता धरता येत नाही. ‘मी स्वतःच पैसे भरतो, माझं खातं काढा’ असं म्हणून पीएफ खातं निघत नाही. मालकाची सही लागतेच.

मालक बिचकतो तो खर्चाला. म्हणून एकदा नीट हिशेब मांडू. समजा आठ माणसं आहेत आणि प्रत्येकाचा पगार १२,००० रुपये आहे. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना वर्गणीचा दर १२ नव्हे, १० टक्के आहे. म्हणजे कामगाराच्या पगारातून १,२०० रुपये आणि मालकाकडूनही तेवढेच. मालकाच्या १,२०० पैकी सुमारे १,००० रुपये (८.३३ टक्के) निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले पीएफ खात्यात. त्याखेरीज विम्यासाठी अर्धा टक्का, म्हणजे माणशी ६० रुपये. प्रशासन शुल्कही अर्धा टक्का, पण किमान ५०० रुपये, आणि तेही सगळ्या दुकानाचं मिळून. आठ जणांचे मालकाला महिन्याला १०,५८० रुपये पडतात. रक्कम लहान नाही, पण ‘दुकान बुडेल’ अशीही नाही. केंद्र सरकार पगाराच्या १.१६ टक्के निवृत्तिवेतनात आपल्याकडून घालतं, ते वेगळं.

मालकाचा हा हिस्सा ठरलेल्या पगारातून कापून घेणं बेकायदा आहे. दोन्ही वर्गण्या पगारातून जात असतील तर कामगाराने विचारायलाच हवं.

आता सर्वांत मोठा गोंधळ. ‘पीएफ म्हणजे पेन्शन’ असं समजणारे पुष्कळ आहेत. पीएफ ही साठवलेली रक्कम. पेन्शन १९९५ च्या वेगळ्या योजनेतून मिळते आणि तिचं सूत्र ठरलेलं आहे: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. बारा हजार पगारावर दहा वर्षं झाली तर महिना सुमारे १,७१४ रुपये. वीस वर्षं केली तर दोन वर्षं वाढवून धरतात आणि आकडा ३,७७१ च्या घरात जातो. यात म्हातारपणी घर चालणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण या योजनेची खरी किंमत माझ्या मते दुसरीकडे आहे. एरवी पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, पण सेवेत असताना सदस्याचा मृत्यू झाला तर ही अट नसते. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पती किंवा पत्नीला दरमहा निवृत्तिवेतन सुरू होतं आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना त्याशिवाय रक्कम मिळते. विम्याचे पैसे वेगळे, ते सात लाखांपर्यंत. घरात एकच कमावता असलेल्या कुटुंबाला याहून स्वस्त आधार बाजारात मिळणं कठीण आहे.

दहा वर्षांची अट हुकते ती नोकरी बदलताना. पैसे दिसले की काढून घ्यायचे, ही सवय पेन्शनला घातक आहे. जुना यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) नव्या मालकाला दिला तर सेवा जोडली जाते. मध्ये खंड पडला तरी योजना प्रमाणपत्र घेऊन ती राखता येते.

१५,००० रुपयांहून अधिक पगाराच्या लोकांची गोष्ट निराळी आहे. नोकरीला लागतानाच पगार त्यापुढे असेल आणि पूर्वी कधी सदस्यत्व नसेल, तर तो माणूस ‘वगळलेला कर्मचारी’ ठरतो. पीएफ योजनेच्या परिच्छेद २६(६) खाली मालकासह संयुक्त अर्ज करून त्याला पीएफमध्ये येता येतं. पण १ सप्टेंबर २०१४ नंतर अशा पगारावर प्रथमच येणाऱ्याला पेन्शन योजनेत प्रवेश नाही. मालकाची सगळी वर्गणी पीएफ खात्यातच जमा होते. पेन्शनच्या आशेने अर्ज करणाऱ्यांना हे आधी कळायला हवं. आणि जो आधीपासून सदस्य आहे, त्याचा पगार पुढे वाढला म्हणून सदस्यत्व जात नाही.

ऐच्छिक सदस्यत्व आणि ‘व्हीपीएफ’ हेही एक नव्हे. व्हीपीएफ म्हणजे सदस्य असलेल्याने आपल्या पगारातून जादा भरणं. मालकाला त्याच्या बरोबरीने भरण्याचं बंधन नाही.

‘त्यापेक्षा पैसे बँकेत ठेवू’ असं म्हणणाऱ्या पनवेलकरांना ऑगस्ट २०२१ आठवत असेल. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने तेव्हा रद्द केला आणि ठेवींवरचं विमा संरक्षण पाच लाखांपुरतंच होतं. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं.

मालक तयार नसेल तर कामगाराने हात बांधून बसू नये. अठरा ते चाळीस वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या माणसाला अटल पेन्शन योजना बँकेतून किंवा पोस्टातून घेता येते. साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपयांची हमी आहे. त्यापुढच्या वयाला राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आहे. पण यांत मालकाने आपला वाटा घालण्याचं बंधन नाही. म्हणून आधी मालकाशी बोला, चार सहकाऱ्यांना सोबत घ्या आणि लेखी संमती गोळा करा. नोंदणीचा अर्ज श्रम सुविधा पोर्टलवर भरता येतो.