जुन्या कॅसेटी, घरचा संगणक आणि यंत्राची निवड

“संगणकावर टीव्हीही दिसेल आणि जुन्या कॅसेटीही उतरवता येतील असे एखादे कार्ड सुचवा,” असे आम्हांस पुष्कळांनी विचारले आहे. प्रश्न एक दिसतो. वस्तुतः ते दोन प्रश्न आहेत. आकाशातून किंवा तारेतून येणारा कार्यक्रम पकडणे हे एक काम, आणि फितीवर पूर्वीच उमटलेले चित्र संगणकात साठवणे हे दुसरे. पहिले काम ट्यूनरचे, दुसरे कॅप्चर यंत्राचे. या दोहोंची गल्लत झाली की बाजारात माणूस हटकून फसतो. आम्ही स्वतः फसलो आहोत, म्हणून हे अधिकाराने सांगतो; एरवी आम्ही तंत्रज्ञ नव्हे. हमाल-मजुरांच्या संघटनेचे काम करताना जे नडले ते शिकावे लागले, एवढेच.

प्रथम ट्यूनरचा निकाल लावू. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, तेव्हापासून कित्येक दशके गच्चीवरच्या अँटेनाने येणारे चित्र अ‍ॅनालॉग पद्धतीचे होते. पुढे केबल आली, तीही आरंभी त्याच पद्धतीची. जुनी टीव्ही ट्यूनर कार्डे या लहरींसाठी घडवलेली होती. परंतु केबलचे डिजिटलीकरण २०१२ साली मुंबई-दिल्लीपासून सुरू झाले, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ ही ठरली. दूरदर्शननेही आपली अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने आवरती घेतली. २०२२पर्यंत ती जवळजवळ सर्व थांबली. तेव्हा जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे अ‍ॅनालॉग ट्यूनर आज धाराशिवात लावले, तर त्यात पकडण्याजोगे काही उरलेले नाही. उपग्रहावरून येणाऱ्या, कुलूप न घातलेल्या वाहिन्या संगणकावर पाहावयाच्या असतील तर छत्रीला जोडण्याचे डीव्हीबी-एस जातीचे निराळे कार्ड लागते. पैसे भरून पाहण्याच्या वाहिन्या मात्र त्या त्या कंपनीच्या पेटीविना उघडत नाहीत. सारांश, केवळ टीव्ही पाहण्यासाठी कार्ड घेण्याची आज बहुतेकांना गरज नाही.

खरी निकड आहे ती कॅसेटींची. चित्रफीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेला चुंबकीय भुकटीचा थर. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापून आणि पावसाळ्यात दमट होऊन हा थर सुटू लागतो, फितीला बुरशी धरते. शिवाय फीत वाचणारे यंत्रच दुर्मिळ होत चालले आहे. व्हीएचएस पद्धत जपानात १९७६ साली निघाली. आणि व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या मोठ्या जपानी कंपनीने २०१६च्या जुलैत ते बनवणे बंद केले. म्हणजे आज हाती आहेत तेवढीच यंत्रे, आणि तीही रोज एकेक करून निकामी होणार.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीस विशेष अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, भूकंप झाला. त्यात किल्लारीप्रमाणेच आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर व आसपासच्या गावांची माती झाली. हजारो माणसे गेली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून पन्नासांवर गावे नव्या जागी वसवली गेली. दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची ती घरे, त्या बोळी, ते पार पुन्हा उभे राहिले नाहीत. ज्या घरी १९९३पूर्वी लग्नाचे शूटिंग झाले होते आणि कॅसेट परगावच्या नातलगाकडे राहून वाचली, त्या घराचे जुने गाव आज त्या कॅसेटीतच आहे.

आमच्या संघटनेतील एका सोबत्याने अशीच एक कॅसेट आणली. १९९२च्या वैशाखातले बहिणीचे लग्न. आम्ही उत्साहाने कामास लागलो. प्रथम एका दुकानातून ट्यूनरसह असलेले कार्ड घेतले. ते पीसीआय खाचेत बसणारे, आणि आमच्या कचेरीतील नव्या संगणकात ती खाचच नव्हती. मग यूएसबीला लावण्याची कांडी आणली. तिच्यासोबतची तबकडी जुन्या विंडोजसाठी होती, ती चालेना. अखेर एका मुलाने सर्व जुळवून दिले, आणि आम्ही कित्येक वर्षे न चालवलेल्या व्हीसीआरमध्ये सरळ तीच कॅसेट घातली. आतले रबरी रूळ चिकट झाले होते. फीत गुंतली, चुरगळली. वरातीपूर्वी ओसरीवर बसलेली आजी चार-सहा बायकांशी बोलत आहे, एवढा भाग कायमचा गेला. आजी भूकंपात गेली होती, ओसरीही. सोबती काही बोलला नाही. “बाकीचं तरी उतरवा, भाऊ,” एवढेच म्हणाला.

त्या दिवशी शिकलेला पहिला धडा हा की, कार्डापूर्वी व्हीसीआर पाहावा. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? कॅप्चर यंत्र कितीही भारी असले तरी व्हीसीआरने फितीवरून जे उचलले तेवढेच ते साठवणार. म्हणून व्हीसीआर जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावा. स्वतः करावयाचे तर वीज काढून, धागे न सुटणाऱ्या कापडाने, आणि फिरते डोके उभे न पुसता आडवेच पुसावे. त्यानंतर एखादी कवडीमोलाची कॅसेट आरंभापासून अखेरपर्यंत चालवून पाहावी. मगच मोलाची घालावी, आणि तीही एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळून.

आता यंत्राची निवड. संगणकाच्या पोटात बसणारे कार्ड घ्यावयाचे तर खाच कोणती हे झाकण उघडून पाहावे. जुनी पीसीआय खाच नव्या संगणकांत क्वचितच असते, आणि लॅपटॉपला प्रश्नच येत नाही. यूएसबीचे यंत्र बहुतेकांना सोयीचे. पण येथे एक खोड लक्षात ठेवावी. बाजारात एकाच रंगरूपाच्या कांड्या मिळतात, वर नावही एकच, आणि आतली चिप मात्र निरनिराळी. चिप कळल्याविना तिचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, सापडत नाही. दुकानदारास चार प्रश्न विचारावेत. आपल्या संगणकाच्या प्रणालीवर हे चालते का? पाल पद्धत घेते का? आवाज याच तारेतून आत जातो का? न चालल्यास परत घ्याल का? चौथ्याचे उत्तर टाळले गेले तर पहिल्या तिन्हींवर विश्वास ठेवू नये. जुन्या चिपांना नव्या विंडोजने सोडले असले तरी लिनक्समध्ये त्यांपैकी अनेकींचे चालक आजही मिळतात, हेही ध्यानात असावे.

पाल म्हणजे आपल्याकडील चित्रपद्धती: एका चित्रात ६२५ रेषा, त्यांतल्या ५७६ दिसणाऱ्या, आणि सेकंदास २५ चित्रे. संगणकात ७२० बाय ५७६ हे माप निवडावे. अमेरिकी एनटीएससी पद्धत चुकून निवडली तर चित्र वर सरकत राहते किंवा रंग जातो, आणि माणूस उगाच कॅसेटीस दोष देतो. व्हीसीआरमागची पिवळी तार चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाची. एस-व्हिडिओचे गोल भोक दोन्हीकडे असेल तर पिवळ्याऐवजी ते वापरावे. चित्र अधिक स्वच्छ येते. आवाज निराळ्या तारेने संगणकाच्या साउंड कार्डात नेण्याची पद्धत टाळावी. दोन यंत्रांची दोन घड्याळे. तीन तासांच्या कॅसेटीअखेरीस ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे अशी गत होते.

हल्ली एचडीएमआयची कॅप्चर यंत्रे स्वस्त आहेत. ती नव्या कॅमेऱ्यासाठी ठीक. व्हीएचएससाठी पिवळ्या तारेवर रूपांतराची डबी आणि पुढे एचडीएमआय कॅप्चर अशी साखळी केली तर चित्राचे दोनदा रूपांतर होते, आणि पुष्कळदा जुने चौकोनी चित्र आडवे ताणले जाऊन माणसे बुटकी दिसतात. कंपन्यांनी काढलेल्या सिनेमांच्या कॅसेटींवर नकलेविरुद्ध कुलूप असते. त्यांच्या मागे लागू नये. ते सिनेमे अन्यत्र मिळतात. आपल्या घरचे शूटिंग कोठेच मिळणार नाही.

आणखी एक अडचण. फळीवरून पोती वाहणारे हमाल एका तालात चालले तर काम सरळ होते. एकाचे पाऊल चुकले की मागचा अडखळतो. जुन्या फितीवरील रेषांचे असेच होते. त्या वेळेवर येत नाहीत, संगणक गोंधळतो आणि मधली चित्रे गाळतो. ताल पुन्हा जुळवून देणाऱ्या उपकरणास टाइम बेस करेक्टर म्हणतात. ते महाग, पण काही उंची व्हीसीआरांत ते आतच असते, आणि कोणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून असेल तर तो मध्ये जोडल्यानेही कधी कधी बराच गुण येतो.

जागेचा हिशेब सांगून ठेवतो. चित्र मुळीच न दाबता साठवले तर तासाला सुमारे ७५ जीबी लागते. डीव्ही पद्धतीने सुमारे १३. एमपेग-२ पद्धतीने, सेकंदास ८ मेगाबिटच्या दराने, साडेतीनच्या थोडे वर. घरगुती कामास शेवटचा मार्ग पुरतो. अतिमोलाच्या कॅसेटीस मधला घ्यावा. उतरवलेल्या प्रती दोन कराव्यात आणि दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती या एकच प्रत होत.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल की दोन कॅसेटींसाठी एवढा खटाटोप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एकट्याने करावयाचे तर ते खरेच आहे. म्हणूनच आमचे सांगणे असे की, प्रत्येक घराने यंत्र घेऊ नये. एक चांगला व्हीसीआर, एक पारखून घेतलेले कॅप्चर यंत्र, एक मोठी डिस्क आणि शिकून घेतलेली दोन तरुण मुले एवढ्यावर एका गल्लीचे, एका संघटनेचे किंवा एका वाचनालयाचे काम होते. मजुरीचा प्रश्न एकट्याने सुटत नाही हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

आमच्या सोबत्याच्या कॅसेटीचा उरलेला भाग उतरला. त्यात मारुतीच्या पारापासून वेशीपर्यंत वरात जाते आणि जुने गाव सबंध दिसते. नव्या गावात ते दाखवले तेव्हा बघणारी पोरे विचारू लागली, हे कोणते गाव? म्हाताऱ्यांनी एकेका घरापाशी थांबवून कोण कोठे राहत होते ते सांगितले. पावसाळा तोंडावर आहे. माळ्यावरची पेटी या आठवड्यातच खाली काढावी, एवढी विनंती.