उपरा, उचल्या आणि चिकानो

१८४८ च्या तहाने अमेरिकेने मेक्सिकोचा उत्तरेकडचा मोठा मुलूख घेतला आणि तिथले स्पॅनिश बोलणारे लोक जागचे न हलता परमुलखात गेले. त्यांचे वंशज आणि मागाहून आलेले मेक्सिकन मजूर यांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘चिकानो’ हा शब्द १९६० नंतरच्या तरुणांनी अभिमानाने स्वतःला लावला. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होऊ नये, आपला इतिहास शिकवावा, असे त्यांचे मागणे होते. पुढच्याच वर्षी सांता बार्बरा इथे विद्यार्थी-प्राध्यापकांनी विद्यापीठांसाठी आराखडा केला. त्यातून इतिहास, साहित्य, भाषा एका छपराखाली शिकवणारे विभाग उभे राहिले.

जेऊरला राहून हे वाचताना मला आमच्या जिल्ह्याची सेटलमेंट दिसू लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मताच गुन्हेगार ठरत असे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा जमाती ठेवल्या होत्या. हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला.

पुढे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. ही दोन्ही नावे समाजाने हिणवण्यासाठी वापरलेली. लेखकांनी तीच मुखपृष्ठावर छापली. ‘चिकानो’चे झाले तेच. आणि योगायोग असा, की ग्लोरिया आन्झाल्दुआ यांचे ‘बॉर्डरलँड्स’ हे इंग्रजी-स्पॅनिशची सरमिसळ असलेले पुस्तकही १९८७ चेच.

फरक पडतो तो यापुढे. आपल्याकडे ‘उपरा’ मराठी विभागात, कायदा इतिहासात, जमात समाजशास्त्रात, आणि भाषा? ‘उपरा’वरच्या प्रश्नाच्या उत्तरात ‘बोलीभाषेचा प्रभावी वापर’ असे एक ठरीव वाक्य येते. मला ते नेहमी खटकते. कैकाडी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविडी कुळातली, तमिळच्या जवळची भाषा आहे. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात ती द्राविडी भाषांतच आहे. भामटी, बेलदारी, कोल्हाटी या १९२२ च्या अकराव्या खंडात आहेत, तिथे मात्र सांकेतिक शब्दांवर बराच भर आहे. म्हणजे संशयाची नजर अभ्यासातही होतीच.

जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषिकांच्या मातृभाषा ‘इतर’मध्ये जातात. शिवाय घरचेच लोक ‘मराठी’ लिहून मोकळे होतात. शाळेत मुलाला हसू नये म्हणून. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे संपादित महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये आला, त्यात भटक्या-विमुक्तांच्या भाषांना स्वतंत्र जागा मिळाली, ही मोठी गोष्ट. पण खंड म्हणजे वर्ग नव्हे. वर्ग म्हणजे हजेरीपट, पेपर, पगारी शिक्षक. तिथे कैकाडी घरातली मुलगी केवळ माहिती पुरवणारी राहत नाही. आजीचा शब्द ती फळ्यावर लिहिते आणि त्याचे तमिळमधले भावंड शोधते. सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे, आणि सेटलमेंटही याच शहरात होती. असा पहिला वर्ग इथेच भरावा. आज तो शब्द सांगणारी आजी घरात आहे; दहा वर्षांनी तो टेपवरून ऐकावा लागेल, तोही कुणी टेप केला असेल तर.