देवमाशाच्या पूर्वजाचा कान

ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोट परिसरातून दगड गोळा केले होते. त्यातले काही दात, जबड्याचे काही तुकडे त्यांनी ओळखले. बरेच दगड फोडायचे राहून गेले. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ते हान्स थेविसेन या जीवाश्मतज्ज्ञाकडे सोपवले. पुढे दगडातून एक कवटी मोकळी करताना तंत्रज्ञाच्या हातून ती चुकून फुटली, आणि कानाचा आतला भाग उघडा पडला.

मधल्या कानाला वेढणाऱ्या हाडाची आतली कड चांगलीच जाड होती, बाहेरची पातळ. ही ठेवण देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉईज यांची कुळखूण. इथे मात्र ती चार पायांच्या, खुरांच्या, जेमतेम मांजराएवढ्या प्राण्यात निघाली! इंडोह्यूस त्याचं नाव, काळ सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. २००७ साली हा शोध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

इंडोह्यूसच्या पायांची हाडंही बोलकी आहेत. त्यांच्या भिंती जाड, आतली पोकळी अरुंद. अशा जड हाडांमुळे पाणघोड्याला पाण्याच्या तळावर पाय रोवून चालता येतं, आणि पाणघोडा हाच देवमाशांचा आजचा सर्वांत जवळचा नातलग. आपल्या सह्याद्रीत पिसोरी नावाचं चिमुकलं, हरणासारखं जनावर आहे; तिचा आफ्रिकेतला भाऊबंद शिकाऱ्याची चाहूल लागताच पाण्यात बुडी मारतो. इंडोह्यूसही जीव वाचवायलाच पाण्यात शिरत असावा, असं थेविसेन यांचं म्हणणं. मला ते पटतं.

पुढचा प्रवास कच्छच्या खडकांत सापडतो. तिथे तेव्हा उथळ समुद्र होता. अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७०च्या दशकात तिथल्या प्राचीन देवमाशांचा अभ्यास केला, तर सुनील बाजपेयी आणि थेविसेन यांनी २००० साली आखूड पायांचा, लांब शेपटीचा ‘कच्छिसेटस’ जगापुढे आणला. रण बघायला दरवर्षी किती मराठी कुटुंबं कच्छला जातात! देवमाशांचं हे माहेर त्यांना कुणीतरी आवर्जून दाखवायला हवं.

जमिनीवरचे ते दिवस या प्राण्यांच्या अंगात अजून शिल्लक आहेत. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, डॉल्फिन वर-खाली. धावताना सस्तन प्राण्याची पाठ वाकते, तशीच. डॉल्फिनच्या गर्भाला सुरुवातीला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. मोठ्या देवमाशांच्या मांसात कमरेची छोटी हाडं असतात, पण ती कण्याला जोडलेली नसतात.

श्वासही जमिनीवरचाच राहिला; हवा घ्यायला त्यांना पाण्यावर यावंच लागतं. कोकण किनाऱ्यालगत कुबड असलेले डॉल्फिन दिसतात, आणि पाठीवर पर नसलेला करडा पॉरपॉईजही असतो. तो बुजरा, उड्या न मारणारा. पर्यटकांना सहसा दिसतच नाही. जाळ्यात अडकला आणि वर येता आलं नाही, तर तो गुदमरून मरतो. त्याला सोडवायचं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळ्यावर मच्छीमाराचं घर चालतं. म्हणून संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८मध्ये सुरू झाली. कापलेल्या जाळ्याचे आणि सोडलेल्या प्राण्याचे फोटो त्यासाठी द्यावे लागतात.