सरकारचे सोने आणि आईची पोत

वाचकहो, मृग तोंडावर आला की आपल्या भागात दोन दुकानांपुढे गर्दी दिसते. एक बी-खताचे आणि दुसरे सराफाचे. पहिल्या दुकानात जायला रोकडा लागतो, म्हणून आधी दुसऱ्याची पायरी चढावी लागते. शहाद्याकडच्या बाया सोन्याची पोत घेऊन येतात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या चांदीचे दागिने. पदराच्या गाठीत बांधून आणतात आणि मान खाली घालून परत जातात. दागिना गहाण ठेवणे म्हणजे काही गुन्हा केला, असे आपल्या लोकांना वाटते.

म्हणून आज तुम्हांला एक जुनी गोष्ट सांगतो. १९९१ साली आपल्या सरकारनेही सोने गहाण ठेवले होते.

झाले असे. बाहेरून तेल, खत, यंत्रे आणायची तर डॉलर लागतात. देशाने आधीच बाहेरून पुष्कळ कर्ज काढले होते. त्यात ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला, तेल महागले, आणि आखातात राबणाऱ्या आपल्या माणसांकडून येणारा पैसा आटला. जून १९९१ मध्ये दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल इतकेच परकीय चलन उरले. घरात कणगी आहे, पण आत पंधरा दिवसांची जोंधळ्याची सोय, अशी ती अवस्था. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने, पुन्हा विकत घेण्याच्या अटीवर, स्वित्झर्लंडच्या बँकेला विकले. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. त्याच महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपयाची किंमत उतरवली. २१ रुपयांना मिळणारा डॉलर २६ रुपयांच्या घरात गेला. नाणेनिधीकडूनही कर्ज घेतले. आता सावकार कोणताही असो, तो आधी विचारतो की घरखर्च कुठे कमी करणार ते सांग.

२४ जुलै १९९१ रोजी अर्थमंत्री डॉ. मनमोहनसिंग यांनी अंदाजपत्रक मांडले. त्यात खताचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले. ओरड झाली तेव्हा ऑगस्टात ते ३० टक्क्यांवर आणले. युरिया टनाला २३५० रुपये होता तो ३०६० झाला, म्हणजे ११७ रुपयांची गोणी १५३ ला. रेशनची साखर किलोमागे ८५ पैशांनी वाढली. डिसेंबरात रेशनच्या गव्हा-तांदळाचे दरही चढले. रॉकेल मात्र १० टक्के उतरवले, हेही खरे सांगितले पाहिजे.

मी तेव्हा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकत होतो. घर प्रकाशाजवळ. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. आपण सारे धुळे जिल्ह्यातच होतो. लहान शेतकऱ्याला खत जुन्याच भावाने द्यायचे ठरले आहे, असे वर्तमानपत्रात वाचून मी मोठ्या हौसेने ते घरी सांगितले. वडील हसले. आमची बारा एकर जमीन तीन भावांत मिळून, सात-बारा अजून आजोबांच्या नावावर. खाणारी तोंडे सतरा, पण कागदावर आम्ही मोठे शेतकरी! अशी घरे गावात किती होती ते तुम्हीच मोजा. वाटणीची नोंद वेळेवर करून घ्या असे मी सभेत कानी-कपाळी ओरडतो, ते त्या दिवसापासून.

आईने पोत काढून दिली. वडील नको म्हणत होते. ती म्हणाली, "बी ते पेरनंच पडी ना. सोनं काय खावाले येस का?"

सराफाने शेकडा तीनने पैसे दिले. पावती दिली नाही, आम्ही मागितली नाही. ओळखीचा माणूस, त्याच्याकडे पावती कशी मागायची? दिवाळीनंतर वडील पैसे घेऊन गेले तेव्हा तो म्हणाला, व्याजाचे राहिले आहेत. पुढच्या वर्षी म्हणाला, मुदत संपली, पोत मोडली. आमच्याजवळ दाखवायला कागदाचा कपटा नव्हता.

सरकारचे सोने त्याच वर्षअखेर सुटले. रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमध्ये ठेवलेल्या सोन्यापैकी १०० टन सोने मायदेशी आणल्याची बातमी मे २०२४ मध्ये आली. ती मी आईला वाचून दाखवली. तिने नुसते "बरं झालं" म्हटले आणि दळण निवडू लागली.

असे का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सरकारच्या कर्जाला लेखी करार होता, व्याज ठरलेले होते, मुदत ठरलेली होती, आणि एक कर्ज फेडताना दुसरा दरवाजा उघडा होता. आमच्याजवळ यांतले एकही नव्हते.

काटकसरीचेही तसेच. २५ ऑगस्ट १९९२ ला सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचे भावनियंत्रण उठवले आणि युरिया १० टक्के स्वस्त केला. डी.ए.पी. आणि पोटॅश एकदम महागले. त्याचा कच्चा माल बाहेरून येतो आणि पोटॅश तर सगळेच बाहेरून, म्हणून डॉलरचा मार तिथे बसला. मग आपण काय केले? युरिया ओढला आणि बाकीचे सोडले. १९९१-९२ मध्ये देशात नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते, एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. कपाशी हिरवीगार दिसे, शेजारी कौतुक करी, पण बोंड भरत नसे. मिरची झाडावर लोंबे आणि वजनाला फसवी. ती सवय अजून गेलेली नाही. दरवर्षी मातीच्या तपासणीचे कागद हातात घेऊन मी तेच सांगतो, आणि मान डोलावून लोक युरियाच्या रांगेत उभे राहतात.

घरातही जो बोलत नाही त्याच्याच वाट्याला कात्री येते. लग्नाचा मांडव लहान होत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतला खर्च थांबत नाही. बाईचे जेवण मात्र सगळ्यांच्या शेवटी, आणि मुलीची शाळा सगळ्यांच्या आधी बंद. वाचकहो, हे मी कुणाला दुखवायला लिहीत नाही, आमच्याही घरात असेच होते.

सातपुड्यात नोकरीला असताना मी याहून कठीण पाहिले. तिथे सावकार धान्य देई आणि दिडीने परत घेई. जेठात एक मण घ्यायचे, कार्तिकात दीड मण घालायचे. पाच महिन्यांत निम्मे व्याज. वर्षाचा दर काढला तर शंभरावर वीस. जिथे दागिनाही नाही तिथे अंगमेहनत गहाण पडते. उसाच्या तोडीची उचल घेऊन माणसे दिवाळीनंतर बारडोलीकडे जातात, ती उचल फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. पोरे बरोबर जातात आणि शाळेचा पट तेवढा रिकामा राहतो.

आता कामाचे सांगतो. २०१४ पासून राज्यात सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसता सावकारी करणे गुन्हा आहे. परवानाधारकाने शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के, असा दर कायद्याखाली २०१४ मध्ये ठरवून दिला. आमचा शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के होता, ताडून पाहा. पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मागायला लाजू नका. सावकारीच्या व्यवहारात जमीन गेली असेल तर अर्जापूर्वीच्या १५ वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांना करता येते आणि जमीन परत देण्याचा हुकूम करता येतो. तालुक्याला सहायक निबंधकांकडे अर्ज चालतो. आदिवासी बांधवाची जमीन तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेताच येत नाही.

आणि पीककर्जाचे कागद मृगाच्या पावसात धावपळ करून नव्हे, चैत्र-वैशाखात करा. सात-बारा, आठ-अ, आधार, आणि मागील कर्ज असेल तर त्याचा दाखला. ३१ मार्चच्या आत सोसायटीचे फेडले तर व्याजात सवलत मिळते. तीच तारीख चुकवून, हातातला पैसा दुसरीकडे घालून, मग जूनमध्ये पोत घेऊन निघालेली माणसे मी दरवर्षी पाहतो. यंदा आमच्या गावच्या बैठकीला आईही आली होती. कागदांची यादी सांगून झाल्यावर तिने मागून विचारले की घरातल्या बाईच्या नावावर जमीन असली तर कर्ज तिला मिळते का. मिळते. सात-बाऱ्यावर नाव हवे.