मुलीला खालच्या बॅचमध्ये का बसवतात?



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, वहीत सह्या झाल्या, तरी एक ताई उठेना. काय झालं म्हणून विचारलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची मुलगी दहा वर्षांची. घराजवळच्या क्लासात दोन वर्षं कथक शिकली, स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत नाचली. तो क्लास बंद झाला, म्हणून ताईनं तिला बदलापूरला दुसऱ्या बाईंकडे घातलं. नव्या बाईंनी पहिल्या दिवशी अर्धा तास तिच्याकडून तत्कार करून घेतला, हातावर ताल धरायला लावला आणि सात-आठ वर्षांच्या मुलींच्या बॅचमध्ये बसवलं.

ताई म्हणाली, "दोन वर्षांची फी पाण्यात गेली. शेजारणी विचारतात, पोरगी नापास झाली का? आता क्लासच बंद करते."

आम्हाला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर आणि आजूबाजूच्या गावांतून किती तरी आया मुलींना नाचाच्या क्लासला पाठवतात. फी, रिक्षा, घुंगरू, उल्हासनगरच्या बाजारातून आणलेलं ड्रेसचं कापड, हा सगळा खर्च घरखर्चातून काढतात. म्हणून आम्ही ठरवलं, की ही बॅच कशी ठरते ते नीट समजून घ्यायचं. त्यासाठी आज तुम्हाला जरा लांब नेणार आहोत, बॅलेच्या शाळांमध्ये. मुलांची अशी विभागणी तिथं सगळ्यात कडकपणे होते, त्यामुळे तिच्यामागची कारणंही तिथं स्पष्ट दिसतात.

बॅले म्हणजे काय?

बॅले हा युरोपातला शास्त्रीय नाच. भिंतीलगत एक लाकडी दांडा असतो, त्याला बार म्हणतात. तो धरून रोजचा सराव सुरू होतो. आपल्याकडे कथकला जसा तत्कार, तसा तिकडे हा बारवरचा सराव. त्यातल्या मुली पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहून नाचतात, ते चित्र तुम्ही कुठे तरी पाहिलं असेल.

तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर 'ये बॅले' हा चित्रपटही पाहिला असेल. सूनी तारापोरवाला यांचा हा चित्रपट २०२० मध्ये आला. तो मुंबईतल्या दोन खऱ्या मुलांवरून सुचलेला आहे. अमीरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा आणि मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा. मुंबईत येहुदा माओर या शिक्षकांनी त्यांना बॅले शिकवला. अमीरुद्दीनला २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. मनीष बॅलेकडे वळला तेव्हा तो कॉलेजच्या वयाचा होता. तिकडच्या मोठ्या शाळांत तोवर मुलांचं अर्ध्याहून जास्त शिक्षण उरकलेलं असतं, म्हणून त्याची वाट जास्त अवघड होती.

मोठ्या शाळा मुलं कशी वाटतात?

बॅलेचे वर्ग दोन प्रकारचे असतात. एक हौसेचे, आठवड्यातून एक-दोन दिवसांचे. दुसऱ्या शाळा असतात त्या नाच हाच पुढे व्यवसाय करणाऱ्यांसाठी. तिथं मुलं साधारण नऊ ते अकराव्या वर्षी येतात, बरीचशी वसतिगृहात राहतात, शाळेचा अभ्यास करतात आणि रोज काही तास नाच शिकतात.

पॅरिसच्या ऑपेराची बॅले शाळा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात, १७१३ मध्ये सुरू झाली. तिच्यात सहा वर्ग आहेत, पण आकडे उलटे चालतात. मूल सहावीत येतं आणि चढत चढत पहिलीला पोहोचतं. दरवर्षी परीक्षा असते. वय वाढलं म्हणून कुणी वर जात नाही. जे टिकत नाहीत, त्यांना शाळा सोडावी लागते.

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गची शाळा १७३८ पासूनची. आज ती अग्रिप्पिना वागानोवा या शिक्षिकेच्या नावानं ओळखली जाते. कोणती हालचाल कितव्या वर्षी शिकवायची याची नीट पायरी या बाईंनी बसवून दिली. दहाव्या वर्षाच्या सुमारास आत आलेलं मूल आठ वर्षं ती पायरी चढतं. मधली एकही पायरी गाळता येत नाही, कारण तिसऱ्या वर्षीची उडी पहिल्या वर्षीच्या गुडघ्यावर उभी असते.

लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये ११ ते १६ वर्षांची मुलं एका ठिकाणी आणि १६ ते १९ ची दुसऱ्या ठिकाणी शिकतात. तिथं वर्ग वयाप्रमाणे असतात, पण आत येण्याआधी कडक चाचणी होते. न्यूयॉर्कची स्कूल ऑफ अमेरिकन बॅले ही शाळा १९३४ ची. तिथं वय आणि तयारी दोन्ही पाहून मुलांना पायऱ्यांवर बसवतात.

चाचणीत काय पाहतात? मांडी खुब्यापासून किती बाहेर वळते, घोटा मजबूत आहे का, पाठ ताठ राहते का, उडी मारल्यावर मूल हलकं उतरतं का, कानाला लय कळते का, सांगितलेलं एकदा पाहून लक्षात राहतं का. काही ठिकाणी डॉक्टरही तपासतात. एका वर्गातली मुलं जवळपास सारख्या तयारीची असली, की शिक्षकाला सगळ्यांना पुढचा धडा देता येतो. तसं नसेल तर पुढची मुलं कंटाळतात आणि मागची धडपडतात. मुलगे आणि मुली यांचेही काही तास वेगळे होतात, कारण मुलग्यांना मोठ्या उड्यांचा आणि मुलींना टोकावरच्या नाचाचा सराव जास्त लागतो.

घाई केली तर काय होतं?

आता मुख्य मुद्दा. पायाच्या टोकावर नाचायचे बूट वेगळे असतात, त्यांना पॉइंट शू म्हणतात. बॅले शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला ते कधी मिळतात याची घाई असते, आणि आईलाही. पण मुलीच्या पावलाची हाडं त्या वयात अजून पक्की होत असतात. सगळ्या अंगाचा भार बोटांच्या टोकावर आला आणि घोटा, पोटऱ्या, कंबर यांत बळ नसलं, तर पाय कायमचा दुखावू शकतो. म्हणून नाचणाऱ्यांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात, की बारा वर्षांच्या आत टोकावर उभं करू नये. बारा झाली म्हणजे लगेच बूट द्यावेत असंही नाही. आठवड्यातून एकदाच क्लासला येणाऱ्या मुलीला तर ते देऊच नयेत, असा त्यांचा सल्ला आहे.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. वय विचारलं जातं, पण बॅच ठरते ती अंगाच्या तयारीवरून. एकाच वर्गातल्या दोन बारा वर्षांच्या मुलींपैकी एकीला बूट मिळतात आणि दुसरीला थांबवतात. थांबवलेली मुलगी कमी गुणाची नसते. तिचं पाऊल अजून तयार झालेलं नसतं.

आपण भाताची लावणी करतो. रोप कोवळं असताना उपटून चिखलात लावलं तर तग धरत नाही, आणि फार जून झालं तर नीट फुटत नाही. शेजारच्या शेतात लावणी सुरू झाली म्हणून आपण आपलं रोप उपटत नाही. आपण आपलं रोप बघतो.

या वाटणीची वाईट बाजूही सांगायला हवी. बॅलेच्या जगात मुलींच्या उंचीवरून, वजनावरून, अंगाच्या ठेवणीवरून फार निवड झाली. त्यातून मुली उपाशी राहू लागल्या, आजारी पडल्या. दरवर्षी काढून टाकतील या भीतीनं लहान मुलं वाढली. तिथल्याच जुन्या विद्यार्थ्यांनी पुढे हे उघडपणे सांगितलं. म्हणून शिक्षिका मुलीच्या तयारीबद्दल बोलते की तिच्या रंगाबद्दल, जाडीबद्दल, हे आईनं कान देऊन ऐकावं. तयारी सरावानं बदलते. रंगावरून किंवा जाडीवरून बोलणारीला मात्र तिथंच थांबवा.

आपल्याकडची पायरी

आपल्याकडेही ही पायरी आहेच. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढे उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगावच्या मुली देतात. गायन, वादन आणि नृत्य, तिन्हींच्या. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मग मध्यमा, मग विशारद, शेवटी अलंकार. इथं बॅलेच्या शाळेसारखं कुणी काढून टाकत नाही. सात वर्षांची मुलगी आणि चाळिशीतली बाई एकाच वेळी प्रारंभिकला बसू शकतात. आपल्या पद्धतीची ही मोठी सोय आहे.

पण आपल्याकडेही घाई शिरलीच आहे. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला नियमाप्रमाणे जादा गुण मिळतात. गुण मिळावेत यात गैर काही नाही. पण त्यासाठी परीक्षा भराभर उरकल्या, तर कागदावर मुलगी वर जाते आणि पाय खालीच राहतो. तत्कार ठाय लयीत पक्का नसताना चौगुण करायला लावली, की मात्रा सुटतात. लहान पायांत एकदम शंभर-शंभर घुंगरू बांधले तर पाय अवघडतो. भरतनाट्यममध्ये अरमंडी, म्हणजे अर्धं बसून गुडघे बाहेर काढणं, नीट बसलं नाही तर पुढे गुडघे बोलू लागतात. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा भिंतीवरच्या नाचत्या मूर्तींचे गुडघे आणि कंबर जरा थांबून पाहा. तसं उभं राहायला अंग किती घडवावं लागत असेल ते कळेल.

आपलं ग्रेडिंग आठवा

मैत्रिणींनो, आपल्या बचत गटाचंही ग्रेडिंग झालंच ना? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशोब. ही पंचसूत्री पाहूनच बँकेनं कर्ज दिलं. आमच्या गटाला पहिल्या वेळी कमी गुण पडले होते, कारण दोन महिन्यांची वही अर्धवट होती. आम्ही वाईट बाया होतो म्हणून गुण कमी पडले नाहीत. वही पूर्ण केली, पुढच्या वेळी कर्ज मिळालं. आणि तेव्हाच मोठं कर्ज मिळालं असतं तर ते फेडताना आमचीच ओढाताण झाली असती.

मुलीच्या बॅचकडेही असंच पाहावं. वहीत काय अपुरं आहे ते विचारावं. त्यासाठी बाईंना शांतपणे चार गोष्टी विचारा.

पहिली, माझ्या मुलीचं नेमकं काय कच्चं आहे? "अजून तयार नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. लय, पाय, हात, पाठांतर, यांतलं काय ते नीट सांगायला सांगा.

दुसरी, पुन्हा कधी पाहणार? तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, काही तरी मुदत हवी. ज्या बॅचमधून वर यायची वाटच नाही, ती बॅच बरोबर नाही.

तिसरी, घरी काय करून घेऊ? रोजची पंधरा मिनिटं आठवड्यातल्या एका तासापेक्षा जास्त कामाला येतात. फक्त नुसत्या सिमेंटच्या कोब्यावर उड्या मारायला लावू नका. बॅलेच्या शाळांत मुद्दाम लवचीक लाकडी जमीन करतात, कारण कडक जमिनीवर पोटऱ्या आणि गुडघे दुखावतात.

चौथी, मोठ्या मुलीला लहानांत एकटं वाटू नये म्हणून काय करता येईल? बॅलेच्या शाळांतही मुलं गणित, भाषा आपल्या वयाच्या मुलांबरोबरच शिकतात. आपल्या बाईही सराव लहानांबरोबर आणि कार्यक्रमाचा नाच बरोबरीच्या मुलींबरोबर, असं करू शकतात.

आणि घरी एक पथ्य पाळा. मुलीसमोर "खालची बॅच" म्हणू नका. शेजारणीनं विचारलं तर सांगा, पाया पक्का करून घेतायत.

आमच्या ताईनं हे चारही प्रश्न जाऊन विचारले. बाई म्हणाल्या, पोरीला नाच येतो, पण गाणं लागलं तरच येतो. गाणं बंद केलं की मात्रा सुटतात. दिवाळीनंतर पुन्हा बघू. ताईनं क्लास बंद केला नाही. परवा आम्ही तिच्याकडे गेलो, तर ताई भाकऱ्या थापत होती आणि मुलगी आत पाय आपटत मोजत होती, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. मध्येच चुकली, थांबली आणि आपणहून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तुमच्या गटात अशी कुणी आई असेल, तर पुढच्या बैठकीत हा लेख तिला वाचून दाखवा.