दिवाणजींची खतावणी आणि जावास्क्रिप्ट

सांगली जिल्ह्यातील विटा हे यंत्रमागाचे गाव. मागावर कोणी किती मीटर कापड विणले, या नोंदीवर विणकराची मजुरी ठरते. रोजकीर्दीतील अशा नोंदी नावानुसार खतवून त्यांची बेरीज करणे, हे दिवाणजींचे काम. संकेतस्थळाचा प्रोग्रॅम लिहिणाराही नेमके हेच करतो.

नाव, तारीख, मीटर अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक ‘ऑब्जेक्ट’. नोंदींची रांग म्हणजे ‘ॲरे’. प्रथम रिकामी खतावणी घ्यावी. एकेक नोंद वाचताना त्या नावाचे खाते नसल्यास शून्याने उघडावे व मीटर त्यात मिळवावेत. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या प्रमाण आवृत्तीत आलेल्या ‘रिड्यूस’मुळे हे एकाच फेरीत साधते. २०२४ च्या आवृत्तीतील ‘ग्रुपबाय’ केवळ गट पाडते. बेरीज आपणच करावयाची.

मात्र दोन ठिकाणी सावध असावे. पडद्यावरील चौकटीत भरलेले आकडे बहुधा अक्षररूपात येतात. त्यांचे संख्येत रूपांतर न केल्यास शून्यात १२० आणि ८० मिळवून २०० ऐवजी ०१२०८० मिळतात. तसेच नावापुढे एक मोकळी जागा अधिक पडली, की एकाच विणकराची दोन खाती होतात. संगणक तक्रार करीत नाही. मजुरी मात्र चुकते.